कारखाना त्यांचा, तुरुंग आमचा!

खालापूर तालुक्याचे नाव २०२३ साली दोन वेळा साऱ्या महाराष्ट्रात गाजले. पहिल्यांदा जुलै महिन्यात. १९ तारखेच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. त्यामुळे मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि मदतीला धावलेल्यांना हातांनी, कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. दुसऱ्यांदा डिसेंबर महिन्यात. खोपोलीजवळच्या ढेकू गावी एका कारखान्यावर रायगड पोलिसांनी छापा घातला. तेथे मेफेड्रोन, म्हणजे बाजारात ज्याला एमडी म्हणतात तो मादक पदार्थ, तयार होत होता. ह्या प्रकरणात जप्त झालेल्या मालाची किंमत पोलिसांनी ३२५ कोटी रुपये सांगितली.

ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे. ज्या तालुक्यात स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली तरी डोंगरावरच्या वाडीला रस्ता मिळाला नाही, त्याच तालुक्यात विषाचा कारखाना चालवण्यासाठी लागणारा रस्ता, वीज, पाणी आणि रसायनांची पिंपे सारे काही बिनबोभाट पोहोचले होते. विकास झाला नाही असे कोण म्हणतो? तो कोणाच्या दारी झाला, एवढाच प्रश्न आहे.

असा एखादा कारखाना सापडला की ठरलेला गजर सुरू होतो. गुन्हेगारांना फासावर चढवा, कायदा कडक करा, तरुणांना संस्कार द्या! हा गजर करणाऱ्यांत आपल्या चळवळीतले लोकही असतात, म्हणून हा लेख. मादक पदार्थाचा प्रसार ही बाजाराची करामत असते आणि त्याची ओहोटी ही समाजाची कमाई असते. पोलिसांच्या दंडुक्याने ही ओहोटी आणता येते ही समजूत जगभर खोटी ठरली आहे. आपण ती नव्याने उराशी धरू नये.

भावाचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. पोलिसांनी सांगितलेल्या भावाने एक किलो एमडीची किंमत सुमारे सव्वा कोटी रुपये पडते. म्हणजे एका ग्रॅमला साडेबारा हजार. त्याच २०२३-२४ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २७३ रुपये होता. एका ग्रॅमच्या पुडीसाठी रोजगार हमीच्या मजुराला सुमारे ४६ दिवस माती खणावी लागली असती. जप्त मालाची किंमत फुगवून सांगण्याची रीत जुनी आहे, हे आम्ही जाणतो. ती निम्मी धरा. तरी २३ दिवस होतात. आणि पूर्ण ३२५ कोटींचा हिशेब मांडला, तर तेवढ्या रकमेत एक लाख एकोणीस हजार कुटुंबांना वर्षाचे शंभर दिवस काम देता आले असते.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. हा माल डोंगरातल्या वाडीसाठी तयार होत नव्हता. तो पैसेवाल्यांच्या शहरासाठी होता. वाडीच्या वाट्याला आला तो केवळ त्याचा धूर आणि सांडपाणी. मग कर्जत-खालापूरच्या कष्टकऱ्याने ह्याची चिंता का करावी? कारण बाजाराचा धर्मच असा आहे की, वरच्या थरातले गिऱ्हाईक पुरेसे झाले, माल वाढला, की तो खालच्या थराकडे उतरतो. किलोचा ग्रॅम होतो, ग्रॅमची पुडी होते, पुडीत भेसळ होते आणि परवडणाऱ्या भावात ती नाक्यावर येते. श्रीमंतांचे व्यसन गरिबांचा रोग कसा होतो, ह्याचा धडा अमेरिकेने जगापुढे ठेवला आहे. तो नीट वाचला पाहिजे.

अमेरिकेचा धडा

कोकेनची भुकटी ही अमेरिकेत १९७०च्या दशकात धनिकांची चैन होती. १९८०च्या दशकाच्या मध्यास तीच कोकेन ओढण्याजोग्या खड्यांच्या रूपात बाजारात आली. तिला क्रॅक हे नाव पडले. माल तोच, पण विक्रीचे माप बदलले. पाच-दहा डॉलरला एक खडा! न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस ह्या शहरांच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत तो वणव्यासारखा पसरला.

वणवा पेटण्यासाठी रान आधी वाळलेले असावे लागते. ते कोणी वाळवले? विल्यम ज्यूलियस विल्सन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, ह्या वस्त्यांतून आधी कारखाने गेले होते, नोकऱ्या गेल्या होत्या आणि ज्यांना बाहेर पडता आले ती कुटुंबेही निघून गेली होती. मागे उरलेल्या तरुणापुढे एकच धंदा उघडा होता. तो त्याने पत्करला. पुडी विकणारा हा त्या अर्थव्यवस्थेचा मालक नव्हता. तो तिचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत असुरक्षित मजूर होता.

राज्यसत्तेने काय केले? १९८६ साली कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅक जवळ सापडले तर किमान पाच वर्षे तुरुंग. आणि तितक्याच शिक्षेसाठी कोकेनची भुकटी मात्र पाचशे ग्रॅम सापडायला हवी! एकच द्रव्य, एकच नशा. पण गरिबाच्या मापाला धनिकाच्या मापापेक्षा शंभरपट जड शिक्षा. १९९३ साली क्रॅकच्या विक्रीसाठी संघराज्याच्या न्यायालयांत दोषी ठरलेल्यांमध्ये दर दहांपैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक प्रमाण तब्बल २४ वर्षे टिकले; २०१० साली ते अठरास एकवर आले. पूर्ण समता तेव्हाही झाली नाहीच.

आणि तरीही १९९०च्या दशकात क्रॅकची लाट ओसरली. ती कशाने ओसरली? अँड्र्यू गोलुब आणि ब्रूस जॉन्सन ह्या संशोधकांनी निरनिराळ्या शहरांत अटक झालेल्यांच्या तपासण्यांचे निकाल वर्षानुवर्षे पडताळले आणि १९९७ साली आपला निष्कर्ष मांडला. जुने व्यसनी फारसे सुटले नव्हते. ते व्यसनासह वयाने वाढत होते. बदलली होती ती नवी पिढी. थोरल्या भावाची दशा, आईची फरपट, शेजाऱ्याचा मृत्यू हे सारे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या पोरांनी क्रॅकला हात लावायचे नाकारले. क्रॅक ओढणारा ही त्या वस्त्यांत सर्वांत हीन शिवी होऊन बसली. ज्या पोरांना कायद्याने भावी गुन्हेगार मानले होते, त्यांनीच ह्या विषाला वेशीबाहेर काढले.

ह्या इतिहासात आपल्याला दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत आणि एक टाळण्यासारखी. नकार वस्तीतून उगवतो, बाहेरून लादता येत नाही, ही पहिली. जो आधीच सापडला त्याला उपचार लागतात. नव्या पिढीच्या नकाराने त्याची सुटका होत नाही, ही दुसरी. आणि टाळायचे ते हे की, एक अख्खी पिढी बळी जाईपर्यंत पुढच्या पिढीच्या शहाणपणाची वाट पाहत बसणे. तेवढा काळ वाट पाहणे म्हणजे राजकारणाने आपले काम सोडून देणे होय.

जुनीच चाल, नवा माल

आपल्या भूमीला हा खेळ नवा आहे असे कोणी समजू नये. १८७८ साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. तोवर ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत कातकरी, ठाकर आपापल्या घरी मोहाची दारू गाळीत. नव्या व्यवस्थेने घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि दारू गाळण्याचा हक्क मोठ्या भट्ट्यांकडे गेला. ह्याच जिल्ह्यातले उरण अशा भट्ट्यांचे केंद्र बनले. पुढे १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. आदिवासींचे पिणे थांबावे हा सरकारचा हेतू नव्हता. त्याच्या पिण्यातून महसूल निघावा हा होता. पिणारा तोच राहिला. फक्त पूर्वी तो स्वतःचे पीत असे, आता विकत पिऊ लागला. आणि विकत घेण्यासाठी कर्ज काढू लागला. भट्टी मालकाची, तुरुंग कातकऱ्याचा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

शंभर वर्षांनी १९८५ साली मादक द्रव्यविरोधी कायदा झाला. ऑगस्टमध्ये विधेयक मांडले गेले आणि १४ नोव्हेंबरला कायदा अमलातही आला. इतकी घाई भूमिहीनांच्या कोणत्याही कायद्यासाठी कधी दिसली नाही. त्या वेळी मुंबई-पुण्यात गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, लाट उसळली होती. ह्या लाटेला कायद्याहून वेगळे उत्तर पुण्याने दिले. अनिल अवचटांनी गर्दवर लेखन केले. त्यातून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने, डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने १९८६ साली मुक्तांगण उभे राहिले. व्यसनी माणूस हा आरोपी नसून रुग्ण आहे, त्याच्या घरच्यांनाही आधार लागतो आणि व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजली ती तेथून. गर्द नाहीसा झाला नाही. पण जे सुटले, ते कोठडीने सुटले नाहीत, माणसांच्या सोबतीने सुटले.

मग एमडी आले. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत ते ह्या कायद्याच्या यादीतच नव्हते. यादीत आल्यावर दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, पन्नास ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण आणि व्यापारी प्रमाणास दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी, अशी कठोर व्यवस्था झाली. एवढ्या कठोर कायद्याने धंदा थांबला काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावी कारखाना सापडला. डिसेंबरात खोपोली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. २०२५ साली कर्जत तालुक्यातच, शेळीपालनाच्या नावाने घेतलेल्या एका फार्महाऊसवर. शिक्षेची भीती वाढली तसे विष आपल्या गावांकडे सरकत आले, हा ह्या यादीचा अर्थ आहे.

ते इकडेच का सरकले? कारण जागा तयार होती. द्रुतगती मार्ग दारात, मुंबई आणि पुणे दोन्ही हाकेच्या अंतरावर. रसायनधंद्याचा पसारा जुना. त्यामुळे पिंपांची वाहतूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शेतजमिनी विकल्या गेल्या आणि तेथे कुंपणे घालून फार्महाऊस उठली. मालक शहरात, राखणदार गावचा. आत काय चालते ते विचारण्याचा अधिकार ना ग्रामपंचायतीला उरला, ना शेजाऱ्याला. २०११ च्या जूनमध्ये खालापुरात अशाच एका रिसॉर्टवरच्या रेव्ह पार्टीवर छापा पडला, सुमारे तीनशे तरुण-तरुणी ताब्यात घेतल्या गेल्या. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत मुंबईच्या अमली पदार्थविरोधी पथकाचा एक अधिकारीही होता! कुंपणच शेत खाते असे म्हणतात ते ह्यालाच.

दुसरीकडे ह्याच खालापूर तालुक्यात रसायनी येथे १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला होता. औषधांना आणि रंगांना लागणारी मूलभूत रसायने देशात तयार व्हावीत हा त्याचा हेतू. २०१७ साली केंद्र सरकारने तोट्याच्या नावाखाली त्याचे रसायनी येथील काम बंद करण्याचा निर्णय घेतला. जनतेच्या मालकीचा, हिशेब देणारा, तपासणीला खुला असलेला रसायन उद्योग मोडीत निघाला. आणि ज्यांना ना पाटी खरी ना हिशेब खरा असे गाळे चालू राहिले. खासगीकरणाच्या भक्तांनी ह्या ताळेबंदाकडे एकदा तरी पाहावे.

मोठे व्यसन कोणते?

एमडीच्या बातम्यांच्या धुरळ्यात एक गोष्ट दिसेनाशी होते. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. ह्या देशातले सर्वांत मोठे मादक द्रव्य परवाना घेऊन विकले जाते. महाराष्ट्राच्या तिजोरीत २०२२-२३ साली त्यापासून २० हजार कोटींहून अधिक महसूल जमा झाला. एका हाताने हा महसूल मोजायचा आणि दुसऱ्या हाताने तरुणांना संस्काराचे धडे द्यायचे, हे ढोंग नव्हे तर काय?

कातकरी दारू पितो म्हणून दरिद्री राहिला, असे सांगणारे सज्जन कर्जतपासून खोपोलीपर्यंत जागोजागी भेटतात. त्यांनी एकदा वीटभट्टीचा हिशेब पाहावा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाची उचल घ्यायची. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर राबवायचे. आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. खरा हिशेब हंगामाच्या शेवटी, तोही मालकाच्या वहीतला. ज्या माणसाच्या हाती स्वतःच्या मजुरीचा हिशेब नाही, उद्याची शाश्वती नाही, त्याला काटकसरीचे व्याख्यान देणे हा क्रूर विनोद आहे. भट्टीजवळ गुत्ता उभा राहतो तोही योगायोगाने नव्हे. खर्ची तेथे संपली की नवी उचल निघते आणि माणूस पुढच्या हंगामाला पुन्हा बांधला जातो. ज्यांची उपजीविका एकेकाळी कातावर आणि जंगलावर होती, त्यांना जंगलातून हुसकून भट्टीवर कोणी आणले, हा प्रश्न आधी विचारा. व्यसनाचे मग बोलू.

येथे कायद्याचा एक अन्याय नोंदवला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने मादक द्रव्यांची विक्री रोखण्याचा वा नियंत्रित करण्याचा अधिकार मिळाला. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे. रायगड जिल्हा मात्र त्या यादीत नाही. म्हणजे सह्याद्रीच्या त्याच रांगेत राहणाऱ्या, त्याच ठाकर-कातकरी समाजाच्या कर्जत-खालापुरातील ग्रामसभांना हा अधिकार नाही! जिल्ह्याच्या रेषेने माणसाचा हक्क हिरावला जातो, आणि ह्यावर विधानसभेत कोणी बाके वाजवत नाही.

चळवळीतील दोन चुकीच्या भूमिका

आपल्या कार्यकर्त्यांत ह्या प्रश्नावर दोन भूमिका आढळतात. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्ही चूक.

पहिली भूमिका नैतिक संतापाची. व्यसनी माणूस चळवळीला नालायक, त्याला दूर ठेवा, विकणाऱ्याला पोलिसांच्या हवाली करा. ह्या मार्गाने वस्तीतला पुडीवाला पोर तुरुंगात जातो, त्याच्या जागी आठवड्याभरात दुसरा येतो आणि गाळ्याचा मालक नवा गाळा शोधतो. ह्या भूमिकेने आपण आपल्याच माणसांविरुद्ध पोलिसांचे हस्तक बनतो. एवढेच साधते.

दुसरी भूमिका पोथीनिष्ठांची. व्यसन हे शोषणाचे फळ. शोषण संपले की व्यसन संपेल. तोवर ह्या सुधारणावादी कामात वेळ दवडू नका. ऐकायला हे थोर वाटते. पण ज्या घरातला कर्ता आज पडला आहे, त्या घरातली बाई क्रांतीची वाट किती वर्षे पाहणार? आणि नशेत गेलेली पिढी क्रांती करील ती कशाच्या बळावर? कारण शोधून काढणे म्हणजे इलाज करणे नव्हे. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे सांगावे ह्यात काहींना विसंगती वाटेल. आम्हांला वाटत नाही. अर्थकारण रान वाळवते हे खरे. पण पेटलेले घर विझवायला माणसेच लागतात.

काय करावे?

साथींनो, करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायद्याचे तोंड वरच्या दिशेला वळवा. १९८५ च्या कायद्याचे २५ वे कलम, आपली जागा अशा धंद्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकालाही शिक्षा सांगते. प्रत्येक छाप्यानंतर आपली मागणी एकच असली पाहिजे : जागा कोणाची, भाडेकरार कोणी केला, वीजजोड कोणी दिला, रसायने कोठून आली, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखाना निरीक्षक काय पाहत होते? पकडलेल्या कारागिरावर खटला थांबता कामा नये. बंद गाळ्यांची आणि फार्महाऊसची नोंद ग्रामसभेपुढे ठेवली गेलीच पाहिजे.

जो सापडला आहे त्याला वाचवा. ह्याच कायद्याच्या ६४-अ कलमाने स्वतःहून उपचारासाठी येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. हे कलम कोणत्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवर टांगले आहे? ते आपल्या शाखांच्या फलकावर लिहा. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा आणि समुपदेशक मिळालेच पाहिजेत, ही मागणी घेऊन मोर्चा न्या. २० हजार कोटींचा महसूल घेणाऱ्या सरकारला ह्यासाठी पैसा नाही असे म्हणण्याचा अधिकार नाही.

स्त्रियांच्या मागे उभे राहा. २००८ च्या शासन आदेशाने गावातले परवान्याचे दुकान मतदानाने बंद करण्याची वाट खुली केली. आडव्या बाटलीसाठी महाराष्ट्रात ठिकठिकाणी बाया लढल्या. त्यांच्या मागे पक्ष किती ठिकाणी उभा होता, ह्याचा हिशेब प्रत्येक शाखेने द्यावा. आणि कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांना पेसासारखाच अधिकार मिळावा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात आलीच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोजगार आणि हिशेब. भट्टीवरच्या मजुराची मजुरी आठवड्याला, पुरी आणि लेखी मिळाली पाहिजे. पावसाळ्याआधी गावात रोजगार हमीचे काम निघाले तर उचलीची गरजच पडणार नाही. आणि ज्याच्यावर उचल नाही, त्याच्यावर गुत्त्याची सत्ताही तेवढी चालत नाही.

हे काम ह्या मातीला परके नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी ह्याच कर्जत तालुक्यात सावकाराविरुद्ध नुसती भाषणे केली नाहीत. त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, शाळा काढल्या, आणि मगच लोकांना सावकाराच्या दारी जाऊ नका असे सांगितले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांना अभिवादन करण्यात आपण मागे नसतो. त्यांच्या कामाची पद्धत मात्र आपण हुतात्मा स्तंभापाशीच ठेवून परततो.

अमेरिकेतल्या वस्त्यांमधील पोरांनी नकार दिला तो थोरल्या भावांची प्रेते पाहून. आपल्या पोरांना ती पाहावी लागू नयेत, एवढ्यासाठीच पक्ष असतो. त्यांच्या हातात पुडी येण्याआधी काम, संघटना आणि स्वाभिमान पोहोचवणे हे आपले काम आहे. जप्तीच्या आकड्यांचे विक्रम पोलिसांना करू द्या. आपण वाड्यांमध्ये जाऊ.